मोटार-अपघातांतील अपंगत्व आणि शेतकऱ्याची भरपाई

रस्त्यावर चालणाऱ्या मोटारीचा तिऱ्हाइतांसाठीं विमा उतरलेला असलाच पाहिजे, असें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १४६ वें कलम सांगतें. दुसऱ्याच्या वाहनामुळें अपंगत्व आल्यास या विम्यांतून भरपाई मिळते. तिचे मार्ग दोन.

पहिला कलम १६४ चा. यांत चालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाहीं. १ एप्रिल २०२२ पासून जबर दुखापतीस अडीच लक्ष रुपये ठरलेले आहेत. परंतु ही रक्कम स्वीकारली कीं दुसरा मार्ग बंद होतो. म्हणून सही घाईनें करूं नये.

दुसरा कलम १६६ चा. यांत दोष सिद्ध करून दावा न्यायाधिकरणापुढें खरें नुकसान मागतां येतें. वार्षिक कमाई, तिच्यांतील घटीचा टक्का व वयाचा गुणक यांचा गुणाकार करावयाचा. वय ४१ ते ४५ असल्यास गुणक १४. कमाई १,२०,००० व घट शेंकडा ४० धरिल्यास ६,७२,००० होतात. घट ६० ठरल्यास १०,०८,०००. औषधोपचाराचा खर्च व यातनांची भरपाई निराळी.

हा टक्का म्हणजे डॉक्टरांच्या दाखल्यावरील टक्का नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं हें स्पष्ट केलें आहे. डावा हात गेलेल्या कारकुनाची नोकरी टिकूं शकते. सुताराचा धंदा मात्र बुडतो. नांगर धरणाऱ्यानें आपलें कोणतें काम थांबलें, हें पुराव्यानिशीं मांडावें. दाखल्यांतील टक्का एका अवयवाचा कीं सर्व शरीराचा, हेंही पाहावें.

जमीनदार शेतकऱ्यास येथें विशेष अडचण येते. जमीन तर कायमच आहे, मग उत्पन्न बुडालें कोठें, असा प्रश्न निघतो. सात-बाराचा उतारा जमीन व पीक दाखवितो, धन्याचे श्रम दाखवीत नाहीं. अनेक वर्षें उतारे लिहिलेल्या माणसाचें हें सांगणें आहे. म्हणून अपघातानंतर ठेविलेल्या सालगड्याच्या व मजुरांच्या पगाराच्या पावत्या आणि आधीच्या व नंतरच्या बाजारपट्ट्या जपून ठेवाव्या.

कायद्यांत अर्जास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. तेव्हां फिर्याद, पंचनामा व वाहनाचा नंबर यांच्या नकला लगेच मिळवाव्या.

स्वतःचीच गाडी घसरून पडल्यास तिऱ्हाइताचा विमा मालकाच्या उपयोगी पडत नाहीं. त्यासाठीं मालक-चालकाचा पंधरा लक्षांचा वैयक्तिक अपघात विमा असतो; त्यांत एक हात किंवा पाय गेल्यास निम्मी रक्कम मिळते. आपल्या विमापत्रांत तो आहे कीं नाहीं, हें प्रत्येकानें आजच पाहावें.