रक्तदाबाची घरगुती नोंद

उच्च रक्तदाब हा बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता शरीरात घर करणारा विकार आहे. अनेकदा पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका हीच त्याची पहिली वर्दी ठरते. नोव्हेंबर २०१७ मध्ये देशात सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या प्रारंभीच्या टप्प्यात महाराष्ट्रातून भंडारा, सातारा व वर्धा यांबरोबर सिंधुदुर्ग जिल्ह्याचा समावेश झाला, तो याच कारणाने महत्त्वाचा होय. कुडाळ तालुक्यातील विखुरलेल्या वाड्यांमधून आरोग्य केंद्रातील तपासणीला घरच्या मोजणीची जोड मिळणे अगत्याचे आहे.

दोन आकड्यांचा अर्थ

हृदय आकुंचन पावताना रक्तवाहिन्यांवर पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मधला दाब म्हणजे खालचा. इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाच्या पट्ट्याचे पाऱ्याचे उपकरण प्रचारात आणले, तर रशियाच्या कोरोटकोव्ह यांनी १९०५ मध्ये नाडीच्या ध्वनीवरून दोन्ही आकडे ओळखण्याची रीत सांगितली. आज घरासाठी दंडावर बांधावयाचे, प्रमाणित इलेक्ट्रॉनिक यंत्र सोयीचे ठरते. दवाखान्यात वारंवार १४०/९० किंवा अधिक, तर घरी सरासरी १३५/८५ किंवा अधिक दाब आढळल्यास तो सामान्यतः उच्च मानला जातो. दवाखान्यात मन धास्तावल्याने काहींचा दाब तात्पुरता चढतो, म्हणून हा फरक.

मोजण्याची रीत

मोजणीपूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू व श्रम टाळावेत. घाटी चढून किंवा शेतातून आल्याबरोबर मोजू नये. लघवीस जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर, कोपरापासून दोन बोटे वर बांधावा. हात मेजावर हृदयाच्या पातळीत असावा. मोजताना बोलू नये. दंडाच्या मानाने पट्टा लहान असल्यास आकडा खोटा वाढतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारीख व वेळेसह वहीत लिहावेत. सकाळी औषध घेण्यापूर्वी व सायंकाळी, असे सात दिवस मोजावे; पहिला दिवस वगळून सरासरी काढावी व वही डॉक्टरांना दाखवावी.

गैरसमज आणि दक्षता

एका वाढलेल्या आकड्याने घाबरू नये, तसेच आकडा उतरला म्हणून गोळ्याही बंद करू नयेत. तो बहुधा गोळ्यांमुळेच उतरलेला असतो. औषध सोडल्यास दाब पुन्हा वाढतो. मात्र छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा एका अंगातील शक्ती जाणे अशी लक्षणे दिसताच, आकडा कितीही असो, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. लक्षणे नसतानाही १८०/१२० च्या वर दाब दिसल्यास काही मिनिटांनी पुन्हा मोजावे. तो तसाच राहिल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

कोकणात आगोटीची बेगमी म्हणून साठविलेले खारे मासे, लोणची व पापड यांतून मीठ नकळत वाढते. प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

प्रत्येक घराला यंत्र परवडेलच असे नाही. ग्रामपंचायतीने वाडीसाठी एक यंत्र घ्यावे, शिक्षकांनी वही ठेवण्यास शिकवावे आणि आशा सेविकांनी औषध थांबविलेल्यांचा पाठपुरावा करावा, तर टाळता येण्याजोगे अनेक पक्षाघात टळतील.