सागराची बखर

वडगाव मावळच्या एखाद्या लाकडाच्या वखारीत गेलात, तर सागाच्या ओंडक्याचा कापलेला भाग निरखून पाहा. त्यावर एकाभोवती एक अशी वलये दिसतील. पावसाळ्यात झाड जोमाने वाढते, कोरड्या दिवसांत त्याची वाढ मंदावते. म्हणून वर्षाला एक वलय उमटते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी अशा वलयांवरून पूर्वीच्या पाऊसपाण्याचा मागोवा घेतला आहे.

अशीच नोंद समुद्राच्या पोटातही होत असते. ती ठेवणारा बखरकार म्हणजे प्रवाळ. आपल्या महाराष्ट्रात तो मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आढळतो. दिसायला दगडासारखा असला, तरी प्रवाळ हा प्राणी आहे. असंख्य चिमुकले जीव एकत्र राहतात, समुद्राच्या पाण्यातून चुना घेतात आणि आपल्याखाली त्याचा सांगाडा रचीत जातात. घुमटासारखे वाढणारे काही प्रवाळ वर्षाला जेमतेम १ सेंटिमीटर वाढतात. मीटरभर उंचीचा घुमट म्हणजे सुमारे १०० वर्षांची मेहनत होय!

या सांगाड्याची पातळ चकती कापून तिचे क्ष-किरण छायाचित्र घेतले, तर फिकट व गडद पट्टे दिसतात. ऋतूंप्रमाणे पाण्याची ऊब व सूर्यप्रकाश बदलतो. त्यामुळे कधी दाट, तर कधी विरळ थर बसतो. अशा दोन पट्ट्यांची जोडी म्हणजे एक वर्ष.

परंतु हे खरे कशावरून? प्रशांत महासागरातील एनिवेटोक बेटांवर अमेरिकेने १९४८ ते १९५८ या काळात अणुस्फोटांच्या चाचण्या केल्या. त्यांतील किरणोत्सर्गी द्रव्ये तेथील प्रवाळांच्या त्या त्या थरांत अडकून राहिली. स्फोटांची वर्षे ठाऊक होतीच. शास्त्रज्ञांनी पट्टे मोजले आणि हिशेब जुळला! १९७२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

बखर पुढे चालावयाची, तर बखरकार जगला पाहिजे. पाणी फार तापले, की प्रवाळाला अन्न पुरविणारी सूक्ष्म शैवाले त्याला सोडून जातात व तो पांढरा पडतो. १९९८ मध्ये लक्षद्वीपच्या बेटांजवळ असे घडले आणि पुष्कळ प्रवाळ मेले. मेलेला प्रवाळ नवा थर रचीत नाही. वर्षानुवर्षे चाललेली नोंद तेथेच थांबते. म्हणून मालवणला गेलात, तर शोभेसाठी प्रवाळाचा तुकडा मोडून आणण्याचा मोह आवरा. क्षणात मोडलेले पुन्हा रचावयास त्याला अनेक वर्षे लागतात.

स्वाध्याय
१. प्रवाळाला ‘बखरकार’ का म्हटले आहे?
२. पट्ट्यांची एक जोडी म्हणजे एक वर्ष, हे कसे पटले?
३. सागाचे वलय व प्रवाळाचा पट्टा यांतील साम्य सांगा.