नव्या द्रव्यांचें शिल्प

शिल्प म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें पाषाण अथवा धातु उभा राहतो. दख्खनचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या ज्वालामुखीच्या रसाचा झालेला. त्याला आकार देणाऱ्या हातांचा मान आपण पिढ्यान्‌पिढ्या राखत आलों.

परंतु नृसिंहवाडीस कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पूर ओसरला म्हणजे गाळाबरोबर दुसरेंही एक द्रव्य मागें राहतें. तें म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या व थर्माकोलचे तुकडे. प्लॅस्टिक बहुतांशीं खनिज तेलापासून बनतें. रेणूंच्या लांबच लांब सांखळ्यांमुळें तें चिवट असतें, व सूक्ष्म जीवांस सहसा पचत नाहीं. १९०७ सालीं लिओ बेकलंड यांनीं बेकेलाइट बनविलें, तेव्हांपासून मनुष्यनिर्मित द्रव्यांचें हें युग सुरू झालें.

शिल्पकारांनींही हें द्रव्य हातीं घेतलें. इंग्लंडचे टोनी क्रॅग यांनीं १९८१ सालीं टाकाऊ प्लॅस्टिकच्या रंगीत तुकड्यांतून ब्रिटनचा आडवा नकाशा भिंतीवर रचला, व शेजारीं त्याकडे पाहणारी एक मनुष्याकृति ठेविली. आपल्या मुंबईचे जितीश कल्लाट यांनीं २००७ सालीं ‘पब्लिक नोटीस २’ ही कृति केली. दांडीयात्रेच्या पूर्वसंध्येस, ११ मार्च १९३० रोजीं, गांधीजींनीं केलेलें भाषण तींत अक्षरशः मांडलें आहे. अक्षरें सुमारें साडेचार हजार. प्रत्येक अक्षर हाडाच्या आकाराचें, फायबरग्लासचें. काचेचे बारीक तंतु व कृत्रिम राळ साच्यांत थरावर थर देऊन हें द्रव्य घडवितात. होड्या व पाण्याच्या टांक्या ज्याच्या होतात, त्याच द्रव्यानें येथें हवेंत विरलेल्या शब्दांस अस्थींचें रूप दिलें.

कोणी विचारील, “हा कचराच नव्हे काय?” आमचें उत्तर असें कीं द्रव्य स्वतः हीन नसतें, त्याची योजना हीन किंवा थोर ठरते. तथापि एवढ्यावर समाधान मानूं नये. अशा शिल्पानें नदी स्वच्छ होत नाहीं. जें आपण न पाहतां टाकतों, तें तें आपणांस पाहावयास लावतें, इतकेंच. पुढील काम आपलें.

म्हणून एक अभ्यास सुचवितों. आठ दिवस घरांतील टाकाऊ प्लॅस्टिक धुऊन सांठवावें, रंगांप्रमाणें लावावें, व त्यांतून आपल्या गांवाचा नकाशा रचावा. पालकांनीं तो अवश्य पाहावा. ज्या रंगाचा ढीग सर्वांत मोठा होईल, त्या वस्तूवांचून आपलें चालेल काय, याचा विचार सर्वांनीं एकत्र बसून करावा.