लक्ष्मीबाईंचे लेणे

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे घराणे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास हलविले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची गरीब मुले एकत्र राहत, आपली कामे आपणच करीत आणि एकाच पंगतीस जेवत. त्या काळी ही गोष्ट अनेकांस रुचत नसे. १९२७ साली महात्मा गांधींनी वसतिगृहास भेट देऊन या कार्याचे कौतुक केले.

मुले वाढली, तशी खर्चाची ओढाताण होऊ लागली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांस पोटच्या लेकरांप्रमाणे जेवू घालीत. पैशाची नड भासली, की त्या अंगावरील दागिने काढून देत. अखेर मंगळसूत्र तेवढे उरले. सौभाग्याचे हे लेणे स्त्रिया प्राणापलीकडे जपतात. परंतु भुकेली मुले समोर असता लक्ष्मीबाईंनी तेही दिले.

१९३० साली त्या निवर्तल्या. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह आहे. त्याचा विस्तार सर्वांस दिसतो. मुळे मात्र मातीतच असतात.

स्वाध्याय
१. वसतिगृहातील कोणती गोष्ट लोकांस रुचत नसे? का?
२. शेवटच्या वाक्यातील ‘मुळे’ कोणास उद्देशून म्हटले आहे?