आतडं अडलं : टीबी की लिम्फोमा?

प्रश्न : माझ्या भावाला (वय ४६) पोट फुगून उलट्या होतात. सीटी स्कॅनमध्ये आतड्यात आतडं शिरलेलं दिसलं. डॉक्टरांना लिम्फोमाची (लसिका पेशींच्या कर्करोगाची) शंका आहे. ऑपरेशनऐवजी आधी टीबीची औषधं देऊन पाहता येतील का?

उत्तर : नाही. लहान मुलांत आतडं असं शिरतं तेव्हा मुळाशी बहुधा गाठ नसते. मोठ्यांत मात्र बहुतेक वेळा काहीतरी सापडतंच. लिम्फोमा सोडून इतर कर्करोग बहुधा आतड्याची नळी आवळतात. लिम्फोमाच्या पेशी भिंतीतल्या स्नायूत पसरतात, तिथे आतडं कधी कधी चक्क रुंदावतं. म्हणूनच लिम्फोमा अडथळा आणतो तो बरेचदा असा, गाठीसकट आतडं पुढे ओढलं जाऊन. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशी तो अधिक आढळतो, आणि टीबीचीही तीच आवडती जागा! आपल्याकडे टीबी जास्त, हे खरंच. पण त्याच्या औषधांनी लिम्फोमा थांबत नाही, महिने मात्र वाया जातात. सोबत स्टेरॉइड दिलं तर गाठ तात्पुरती आकसते आणि नंतरची बायोप्सीही फसवू शकते. ‘कापलं की कॅन्सर पसरतो’ या भीतीपोटी थांबू नका. अडकलेलं आतडं कुजू शकतं, फुटू शकतं. लिम्फोमाच निघाला, तर मुख्य उपचार प्रकारानुसार, बहुधा केमोथेरपीचा. अनेक रुग्ण पूर्ण बरे होतात. काढलेला सगळाच भाग फॉर्मालिनमध्ये न टाकता थोडा सलाइनमध्ये टीबीच्या कल्चरसाठी पाठवा, अशी विनंती सर्जनना ऑपरेशनपूर्वीच करा.