हवेच्या टाकीतील पाणी : रोजचा निचरा का व कसा करावा

शेतीकामात यंत्रांचा वापर वाढल्यापासून गावोगावी लहान दुरुस्तीशाळा उभ्या राहिल्या आहेत. ट्रॅक्टर व ट्रॉलीच्या चाकांत हवा भरणे, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा उडविणे, मळणीयंत्र स्वच्छ करणे, अवजारांस फवाऱ्याने रंग देणे अशा कामांसाठी तेथे हवेचा कॉम्प्रेसर लागतो. काही शेतकऱ्यांनी तो घरच्या शेडमध्ये बसविला आहे, तर काही ठिकाणी तो अवजार बँकेच्या सामाईक मालकीचा आहे. ह्या यंत्राचा पट्टा सैल झाला किंवा ऑईल कमी झाले तर ते लगेच लक्षात येते. परंतु टाकीच्या पोटात साठणारे पाणी डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. हे पाणी टाकीचा पत्रा आतून खाते. पत्रा पातळ झालेली टाकी दाबाखाली फुटली तर जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतते. रोज दोन-तीन मिनिटांच्या निचऱ्याने हा धोका पुष्कळ अंशी टळतो. ह्यास्तव निचऱ्यामागील कारण व त्याची योग्य रीत प्रत्येक कॉम्प्रेसरधारकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

टाकीत पाणी येते कोठून?

टाकीत कोणी पाणी ओतत नाही. ते हवेबरोबरच येते. आपल्या भोवतालच्या हवेत पाण्याची वाफ नेहमीच असते. थंड पाण्याने भरलेला तांब्या पावसाळ्यात बाहेर ठेवला की त्यावर दव जमते, ते ह्याच वाफेचे. हवा किती वाफ धरू शकेल हे तिच्या तापमानावर अवलंबून असते. एक घनमीटर हवा ३० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ धरते, २० अंशांस सुमारे १७ ग्रॅम आणि १० अंशांस सुमारे ९ ग्रॅम.

आता पावसाळ्यातील दिवस घेऊ. तापमान ३० अंश व आर्द्रता शेकडा ८० असेल तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. गेजवर ७ किलोचा, म्हणजे सुमारे १०० पौंडांचा, दाब दिसतो तेव्हा हीच हवा दाबली जाऊन मूळच्या एक-अष्टमांश जागेत मावलेली असते. पुन्हा ३० अंशांपर्यंत थंड झाल्यावर तेवढ्या जागेत सुमारे ४ ग्रॅमच वाफ राहू शकते. उरलेल्या २० ग्रॅमचे पाणी होते. ओले फडके पिळले असता पाणी निथळावे, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

मिनिटाला १५० लिटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर दिवसभरात मिळून एक तास चालला, तर तो ९ घनमीटर हवा ओढतो. म्हणजे दिवसाला सुमारे १८० ग्रॅम पाणी तयार होते. सहा दिवसांत ते एक लिटरहून अधिक भरते. ह्यापैकी काही भाग गरम हवेबरोबर नळीत निघून जातो व बाकीचा टाकीच्या तळाशी बसतो. हिवाळ्यात २० अंश तापमान व शेकडा ५० आर्द्रता असता हेच प्रमाण घनमीटरमागे सुमारे ६ ग्रॅमवर येते. कोकणात अथवा पावसाळ्यात कोठेही निचऱ्याची गरज अधिक असते ती ह्यामुळे. तथापि कोरड्या दिवसांतही पाणी मुळीच येत नाही असे नाही.

पाण्यापासून होणारे नुकसान

पहिले नुकसान कामाचे. १०० लिटरच्या टाकीत ५ लिटर पाणी राहिले तर हवेसाठी ९५ लिटरच जागा उरते आणि यंत्र वारंवार सुरू होऊ लागते. रंगाच्या फवाऱ्यात पाण्याचे थेंब आले की रंगावर फोड व डाग पडतात आणि काही दिवसांनी तेथील रंग सुटतो. चाकात ओली हवा गेली तर लोखंडी रिमला आतून गंज चढतो. हवेवर चालणारे पाने व इतर हत्यारेही आतून गंजतात.

दुसरे नुकसान टाकीचे व ते अधिक गंभीर आहे. लोखंड, पाणी व प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. टाकीत हवा दाबलेली असल्याने पाण्यात विरघळणारा प्राणवायूही जास्त असतो. त्यामुळे तळाशी, जेथे पाणी उभे राहते तेथेच पत्र्यात खड्डे पडू लागतात. बाहेरचा रंग चकचकीत असतो आणि आत ३ मिलिमीटरचा पत्रा एखाद्या जागी एक मिलिमीटरवर आलेला असतो.

ह्या पत्र्यावर भार किती येतो ह्याची कल्पना असावी. टाकीच्या ४० सेंटिमीटर व्यासाच्या बाजूच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे १,२५० चौरस सेंटिमीटर भरते. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ७ किलो ह्या हिशेबाने त्या एका झाकणावर सुमारे ८,८०० किलोचा, म्हणजे जवळजवळ ९ टनांचा रेटा असतो. पाण्याची टाकी फुटली तर पाणी सांडते. दाबलेल्या हवेची टाकी फुटली तर हवा एका क्षणात अनेक पटींनी पसरते आणि पत्रा तोफेच्या गोळ्याप्रमाणे फेकला जातो.

निचऱ्याची रीत

टाकीच्या अगदी तळाशी एक लहान कॉक असतो. दिवसाचे काम संपल्यावर पुढील क्रमाने निचरा करावा.

(१) प्रथम विजेचा मुख्य खटका बंद करून पिन काढावी. यंत्र इंजिनवर चालत असेल तर इंजिन बंद करावे. केवळ यंत्रावरचे बटण पुरेसे मानू नये. दाब उतरताच स्वयंचलित खटक्याने मोटार अचानक सुरू होऊ शकते.

(२) नळीतून हवा सोडून गेजवरील दाब १ ते २ किलोपर्यंत उतरू द्यावा. पूर्ण दाबावर कॉक उघडल्यास पाणी व गंजाचे कण जोराने उडून डोळ्यांस इजा होते. शक्य तो डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावावा.

(३) टाकी चाकांवरची असेल तर कॉकच्या बाजूस किंचित कलती करावी. विरुद्ध बाजूच्या चाकाखाली लाकडाची पातळ फळी कायमची ठेवली तर पाणी आपोआप कॉकपाशी जमते.

(४) कॉकखाली डबा ठेवून तो सावकाश, थोडाथोडा उघडावा. दाब असताना कॉक आट्यांतून पूर्ण काढू नये.

(५) आधी पाणी, मग पाणीमिश्रित फवारा व शेवटी कोरडी हवा येते. कोरडी हवा आली तरी लगेच बंद न करता गेजचा काटा शून्यावर येईपर्यंत कॉक उघडा ठेवावा.

(६) रात्रभर कॉक उघडाच राहू द्यावा व सकाळी यंत्र सुरू करण्यापूर्वी बंद करावा.

काही कारणाने टाकी रात्रभर भरलेली ठेवावी लागली, तर सकाळी यंत्र सुरू करण्यापूर्वी निचरा अवश्य करावा. दिवसा गरम हवेत राहिलेली वाफ रात्रीच्या गारव्याने पाणी होऊन तळाशी आलेली असते.

कॉक उघडूनही काहीच बाहेर आले नाही तर टाकी कोरडी आहे असे समजू नये. कॉक गंजाने चोंदला असण्याचा संभव असतो. अशा वेळी नळीतून सर्व हवा काढावी, गेजचा काटा शून्यावर आल्याची खात्री करावी आणि सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून पाहावी. हवा मुळीच शिल्लक नाही असे ठरल्यावरच कॉक काढून तारेने भोक मोकळे करावे. टाकीत दाब असताना तार घालणे अत्यंत धोक्याचे आहे.

निघालेल्या पाण्यात यंत्राचे ऑईल मिसळलेले असते. ते विहिरीजवळ, गोठ्यात किंवा पिकाच्या सरीत ओतू नये. डब्यात साठवून वर तरंगणारे तेल वेगळे करावे व वापरलेले ऑईल गोळा करणाऱ्याकडे द्यावे.

पाण्याचा रंग काय सांगतो?

निचऱ्याचे पाणी नेहमी काचेच्या बाटलीत धरून पाहावे. पाणी स्वच्छ असेल तर चिंतेचे कारण नाही. दुधाळ व तेलकट असेल तर ऑईल वर चढत आहे असे समजून पिस्टनच्या रिंगा तपासाव्यात. पाणी तांबूस असेल तर गंज सुरू झाला आहे. निचरा एक दिवसही चुकवू नये व टाकीची तपासणी करून घ्यावी. पाण्याबरोबर गंजाच्या खपल्या येत असतील तर त्याच क्षणी काम थांबवावे.

टाकी केव्हा बाद समजावी?

तळाशी रंगाचे फोड येणे, सांध्याजवळ ओल दिसणे किंवा एखाद्या बिंदूतून हवा झिरपणे ही टाकी संपल्याची लक्षणे होत. झिरपणाऱ्या जागी लांबी भरणे, डाग देणे अथवा वेल्डिंग करणे हे उपाय नव्हेत. भोक दिसते तेथे पत्रा संपलेला असतोच. पण त्याच्या आजूबाजूचाही पत्रा तितकाच झिजलेला असतो. एक भोक बुजविले तरी टाकीचे बळ परत येत नाही. अशी टाकी बदलावी आणि दुसऱ्या कोणी वापरू नये म्हणून तिला मोठे भोक पाडून मगच मोडीत द्यावी.

शंका असल्यास ध्वनिलहरींच्या यंत्राने पत्र्याची जाडी मोजून घेता येते. दुसरी परीक्षा म्हणजे टाकी पूर्ण पाण्याने भरून तीवर चालू दाबापेक्षा अधिक दाब देणे. पाणी दाबले जात नाही; त्यामुळे परीक्षेत टाकी फाटली तरी स्फोट होत नाही. हे काम जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. हवेने अशी परीक्षा कधीही करू नये. भरलेल्या टाकीवर हातोडी मारून आवाज पाहण्याची सवयही सोडून द्यावी.

मोडीतून आणलेल्या जुन्या टाक्या जोडून कॉम्प्रेसर तयार करण्याची रीत काही ठिकाणी आढळते. ज्या टाकीवर दाबाची मर्यादा कोरलेली पट्टी नाही, तिच्यावर विश्वास ठेवू नये. सेफ्टी व्हॉल्व्ह हवा सोडतो म्हणून तो आवळून बंद करणे म्हणजे शेवटचा पहारेकरी काढून टाकणे होय. महिन्यातून एकदा त्याची कडी ओढून तो मोकळा असल्याचे पाहावे.

पाणी कमी यावे म्हणून

कॉम्प्रेसर कोरड्या, सावलीच्या व हवेशीर जागी ठेवावा. गोठ्याची ओल, चुलीची वाफ किंवा धुण्याची जागा त्याच्या जवळ नसावी. रंगकामासाठी नळीवर पाणी वेगळे करणारा गाळप बसवावयाचा असेल तर तो टाकीला चिकटून न बसविता काही अंतरावर बसवावा. हवा गार झाल्याखेरीज वाफेचे पाणी होत नाही व गाळपात सापडत नाही. लोखंडी नळी लांबवर नेली असेल तर तिला उतार द्यावा आणि फाटे नळीच्या वरच्या अंगातून काढावेत. पावसाळ्यात यंत्र थोडथोडा वेळच चालत असेल तर ऑईलमध्येही ओल उतरते. ऑईल दुधाळ दिसताच बदलावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय सभेत सांगण्यापेक्षा दाखविल्याने लवकर पटतो. गावातील एक कॉम्प्रेसर निवडून सात दिवस रोजच्या निचऱ्याचे पाणी मोजून एका बाटलीत साठवावे आणि ती बाटली तारखांच्या नोंदीसह शेडमध्ये टांगावी. शेजारी आठवडाभर निचरा न केलेल्या टाकीचे पाणी ठेवावे. दोन्हींच्या रंगातील फरक पाहणाऱ्यास फारसे काही सांगावे लागत नाही.

अवजार बँकेच्या यंत्राबाबत विशेष दक्षता हवी. जे सर्वांचे असते ते पुष्कळदा कोणाचेच नसते. ह्यास्तव निचऱ्याचे काम एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावे व टाकीजवळ नोंदवही ठेवून तारीख, पाण्याचे माप, रंग आणि सही एवढे चार रकाने रोज भरावेत. १९४८ च्या कारखाना कायद्यात दाबाखाली चालणाऱ्या यंत्रांसाठी कलम ३१ घालण्यात आले होते. परंतु घरच्या शेडमधील टाकी पाहण्यास सहसा कोणी निरीक्षक येत नाही. तेथे मालकानेच निरीक्षकाचे काम करावयाचे आहे.

ज्या दुरुस्तीशाळेत मुले खेळतात, शेजारी हवा भरून घेण्यास येतात, तेथील टाकी ही सर्वांच्या सुरक्षिततेची बाब आहे. वाचकांनी हा अंक बाजूस ठेवून आजच आपल्या टाकीखालचा कॉक कोठे आहे ते पाहावे. तो सहज फिरतो किंवा नाही ह्याची परीक्षा मात्र वर सांगितलेल्या क्रमानेच करावी आणि आज संध्याकाळपासून निचऱ्यास आरंभ करावा.