सुवाहक व दुर्वाहक : पाठ घेताना घ्यावयाची एक दक्षता

विज्ञानाच्या तासाला ‘सुवाहक व दुर्वाहक’ हा पाठ घेणे शिक्षकांस सहसा अवघड वाटत नाही. एक सेल, टॉर्चचा लहान दिवा आणि तारेचे वीतभर तुकडे एवढ्या साहित्यावर काम भागते. मध्ये खिळा ठेवला की दिवा लागतो. लाकडी पट्टी ठेवली की लागत नाही. मुले उत्साहाने वहीतील दोन रकाने भरतात. असा एक पाठ प्रस्तुत लेखकाने वर्गात बसून पाहिला होता. पाठ चांगला रंगला. शेवटी एका चौकस मुलाने काठी घागरीत बुडवून आणली व तारांच्या मध्ये धरली. दिवा लागला नाही. ‘ओले लाकूडही दुर्वाहक’ असे त्याने लिहिले आणि गुरुजींनी त्यापुढे बरोबरची खूण केली. प्रयोगात लबाडी नव्हती, गुरुजींचा हेतूही चांगला होता; परंतु तो निष्कर्ष घरी नेऊन कोणी वागेल तर जिवावर बेतेल.

येथे चूक कोठे होते हे नीट पाहिले पाहिजे. टॉर्चचा दिवा उजळण्यास सुमारे ३०० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. मनुष्यास इजा होण्यास इतका लागत नाही. सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाह हातातून गेला की स्नायू आवळतात आणि धरलेली तार सोडू म्हटले तरी सुटत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. म्हणजे जो प्रवाह दिव्यास जाणवतही नाही, तो माणसास पुरेसा होतो. दुसरे असे की, सेलचा दाब दीड व्होल्ट, तर घरातील विजेचा २३० व्होल्ट. ओल्या अंगाचा रोध १,००० ओहम धरून मुलांकडून फळ्यावर भागाकार करवून घ्यावा. सेलमुळे अंगातून दीड मिलिअँपिअर प्रवाह जाईल. घरातील विजेमुळे २३० मिलिअँपिअर. उत्तर मुलांनीच काढलेले असले की समजावून सांगण्याचे फारसे उरत नाही.

याच तासाला दुसरा प्रयोग जोडावा. तीन सेल एकापुढे एक जोडून त्यांच्या मार्गात ३३० ओहमचा रोधक व एक लहान तांबडा एलईडी बसवावा. एलईडीचा लांब पाय सेलच्या धन टोकाकडे असावा. मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या चिंधीवर तारांची दोन टोके बोटभर अंतरावर टेकवावीत. एलईडी मंद का होईना उजळतो; तीच चिंधी टॉर्चच्या दिव्यास लावली तर तो मुळीच लागत नाही. एकाच चिंधीविषयी दोन साधने दोन उत्तरे देतात, हे पाहून मुले बुचकळ्यात पडतात. त्यांना थोडा वेळ तसेच राहू द्यावे. घामातही मीठ असते, हे कोणीतरी मूल आपण होऊन सांगते. हे सर्व प्रयोग सेलवरच करावयाचे. भिंतीवरील प्लगशी त्यांचा कोणताही संबंध येऊ देऊ नये.

दुर्वाहकांचा शोध कसा लागला, ती हकिगतही सांगण्याजोगी आहे. १७२९ साली इंग्लंडातील केंट परगण्यात स्टीफन ग्रे व त्याचा मित्र ग्रॅनव्हिल व्हीलर यांनी लांब दोरीवरून विद्युत् नेण्याचा प्रयत्न चालविला होता. दोरी रेशमाच्या बारीक धाग्यांवर टांगलेली होती. भाराने रेशीम तुटले, तेव्हा त्यांनी तितकीच बारीक पितळी तार लावली. आणि विद्युत् पुढे पोहोचेनाच. धागा बारीक म्हणून नव्हे, तर तो रेशमाचा म्हणून विद्युत् अडून राहत होती, हे त्यांच्या ध्यानात आले.

घरातील तारेवरचे पीव्हीसीचे आवरण याच कारणाने एक मिलिमीटरहून पातळ असूनही पुरते. मात्र ते अखंड असले पाहिजे, आणि थंडही. साधे पीव्हीसी सतत ७० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकते. एकाच प्लगवर हीटर, मिक्सर व इस्त्री लादली की तार तापते, आवरण मऊ पडते, पुढे कडक होऊन तडकते. जुन्या घरांतील रबरी आवरण तर हवेनेच वाळून भुगा होते. इस्त्रीच्या वायरीवर सुती वेष्टन असते ते शोभेसाठी नव्हे. तापलेल्या इस्त्रीस टेकून साधे पीव्हीसी वितळेल म्हणून. पूर्वीच्या इस्त्रीच्या आत अभ्रकाचे पापुद्रे असत, कारण त्या उष्णतेत टिकणारे दुर्वाहक मोजकेच. चिनी मातीच्या फ्यूजवरची चकाकी पाणी मुरू नये म्हणून दिलेली असते.

आवरण केव्हातरी दगा देणार हे गृहीत धरूनच अर्थिंग करावयाचे असते. तीन पिनांपैकी जाड पिन त्यासाठी असते. ती कापून प्लग दोन भोकांत बसविण्याची चलाखी अनेक घरांत दिसते. ३० मिलिअँपिअर प्रवाह गळताच वीज तोडणारे आरसीसीबी नावाचे यंत्र बोर्डावर बसविता येते. त्यावरील ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून पाहण्यास घरच्या मोठ्या माणसांस सांगावे.

पाठानंतर मुलांस घराची पाहणी करावयास लावावी, पण हात पाठीमागे बांधून, केवळ डोळ्यांनी. तडकलेला होल्डर, ओलसर भिंतीवरील बटण, तारेवर वाळत घातलेले कपडे, पाण्याचा रॉड बादलीत असतानाच पाण्यात बोट घालून पाहण्याची घरातील सवय, असे जे दिसेल ते लिहून आणावे.

कोणी तारेस चिकटले तर काय करावे, असा प्रश्न मुले विचारतातच. प्रथम मेन स्विच बंद करावा व मोठ्यांस हाक मारावी. चिकटलेल्यास हात लावू नये. स्विच सापडत नसेल तर मोठ्या माणसाने कोरड्या जागी उभे राहून खडखडीत वाळलेल्या काठीने तार दूर करावी. हे घरातील विजेपुरतेच. शेतात तुटून पडलेली तार ११,००० व्होल्टची असू शकते. तेथे वाळलेली काठीही दुर्वाहक मानू नये, तारेपासून दूर उभे राहून इतरांस अडवावे आणि वीज कार्यालयास कळवावे.